मापाची वही

त्या वर्षी लग्नसराई बुडाली.
शिवायला उरलं एवढंच : नाक ते हनुवटी,
या कानापासून त्या कानापर्यंत.
सावद्याला बसस्टँडच्या मागे माझं दुकान, शटर अर्धं वर.
टेप लावायची सोयच नव्हती. लांबूनच विचारायचो,
"आलं कुठून म्हणता हे?"
उत्तर ऐकलं की कापड कळायचं.

लीलाधर फेगडे म्हणाले, बनवलंय. मुद्दाम. प्रयोगशाळेत.
त्यांना तीन पदर हवे होते, मध्ये जाड अस्तर, नाकावर तार.
केळीच्या गाडीचा हिशोब ते फोनवर करत,
नोटांवरून इस्त्री फिरवत.
शत्रूनं धाडलेल्या गोष्टीला
माणूस मान देतो.

सुपडूची खात्री वटवाघळांवर.
सुकी नदीकाठची चिंच, दिवसा काळ्या पिशव्या टांगल्यासारखी,
चार पोरं घेऊन गेला, फटाके लावले,
दोन रात्री करवत चालली.
मास्क शिवू का, तर म्हणे,
"आता कायले भाऊ? झाडच पाडलं ना!"
पाडलेल्या खोडावर पाचही जण खेटून बसले,
एकच बाटली हातोहात फिरत राहिली.

देवकाआक्का म्हणाली, मरीमाय रुसलीय.
वेशीवर दहीभात ठेवून आली आणि दार लावून घेतलं.
माय गावात असताना उंबरा ओलांडायचा नसतो,
कुणी आलं तर आधी हातपाय धू, मग बोल, तेही अंगणातून.
तिच्या घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही.
मी यातून काही सिद्ध करत नाही.
वहीत फक्त लिहिलंय : देवकाआक्का, काही नको.

ज्यांच्या मते हे सगळं टीव्हीवाल्यांचं,
त्यांना हनुवटीपुरता हवा होता,
पोलिसापुरता. इलॅस्टिक सैल.

इदरीस तडवीला आलं कुठून
हे मी विचारलंच नाही.
गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं, त्याच्याच गल्लीतून.
भाजीची हातगाडी त्याची, सहा मास्क नेले,
रोज धुऊन, रोज वाळवून.
गावात सगळ्यात नीट बांधलेलं तोंड त्याचंच.
रोगाला भीत होता की आम्हाला,
तेही विचारलं नाही.

आणि मी?
मला वाटायचं, ते बाहेरून येतं.
सुरतेच्या ट्रकांतून, पुण्याहून परतलेल्या बॅगांतून,
अनोळखी अंगांतून.
म्हणून गिऱ्हाईक समोर असलं की माझं तोंड बांधलेलं,
कात्रीसुद्धा सॅनिटायझरनं पुसलेली.
शटर खाली ओढलं की मास्क खुंटीला.
मग मागच्या दारानं मधुकर यायचा,
काज-बटणांचा कारागीर, अठरा वर्षं माझ्या मशीनशेजारी.
एका ताटात कळण्याची भाकरी, ठेचा,
एकाच तांब्याचं पाणी.
"खोकला कसला रे?"
"कापडाची धूळ, मास्तर."
आपल्या माणसाचा खोकला
ओळखीचाच वाटतो.

जळगावला नेला त्याला. मला नुसता ताप, वास गेलेला,
चार दिवस खाटेवर छताकडे बघत.
पाचव्या दिवशी फोन आला, माझा नव्हता, पण मीच उचलला.

आता सराई परत आलीय. फेगड्यांच्या नातवाचा सूट अंगावर आहे.
पाराशी अजूनही कुणीतरी सांगत असतं, चीन, वटवाघूळ, पाप, डाव.
मी मान खाली घालून शिवण घालतो.
मला एवढंच शोधायचंय,
मधुकरकडून माझ्याकडे आलं
की माझ्याकडून मधुकरकडे,
आणि त्याला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही,
एक जण हवा होता, तो नाही.

वहीत त्याचं माप आहे, दिवाळीच्या शर्टाचं :
छाती अडतीस, बाही तेवीस, कॉलर साडेपंधरा.
मास्कचं नाही.
त्याला मी कधी शिवलाच नाही.
घरचाच होता.